दारातली ओल

नाटकाचा संच घेऊन गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, करायच्या, म्हणून सेवकरामने घर विकून जुन्या ट्रकवर राहती खोली बांधून घेतली. तीन महिन्यांत दारातली फळी ओलीने फुगली. दिवाळीपासून पावसाचा टिपूस नाही, मग ओल येते कुठून? कच्चं लाकूड गळ्यात मारलं, हा संशय त्याच्या मनात पक्का बसला. गॅरंटी वर्षाची होती.

निरोप गेला तसा खोली बांधणाऱ्या वर्कशॉपचा मिस्त्री सकाळच्या पहिल्या एसटीने लाखनीच्या मुक्कामावर आला. बूट घालूनच गाडीत चढला, फळी ठोकून पाहिली आणि खाली उतरून म्हणाला, "सेवकरामजी, पानी टाकता तुमी. पान्यानं सडली त गॅरंटी नाई."

"एक थेंब नाई पडत! मले का येडा समजता?" झोपेतून उठवलेला सेवकराम कडाडला.

तेवढ्यात त्याची बायको निर्मलाबाई दारात आली. तिने लोटाभर पाणी फळीवर ओतलं, हाताने पुसलं आणि ओल्यावरच रांगोळी काढायला बसली.

"अवो, हे का करून राहिली?" सेवकरामने विचारलं.

"रोजचंच हाये. तुमी झोपून राहता. घर विकलं तवा तुमीच त म्हनलं, आता हेच आपलं घर."

मिस्त्रीने तक्रारीच्या कागदावर काहीतरी लिहिलं. सेवकरामने तो संशयाने हिसकावूनच घेतला.

'गाडी घर म्हणून बांधली, पण उंबरठा बसवायचा राहिला. चूक आमची. गॅरंटीत करून देऊ.'