चार ओळींचे निरूपण

"उभी राहू नकोस, बस," रुक्मिणबाई म्हणाल्या. "आणि ती गिटार भिंतीला टेकव. चौकशी तुझी आहे, तिची नाही."

ऋतुजा बसली. उदगीरच्या त्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन एका दिवसावर आले होते आणि प्राचार्य दयानंदांच्या टेबलावर एक निनावी अर्ज पडला होता. लातूरहून येणाऱ्या ऋतुजाच्या रॉक बँडचे गाणे देवीची विटंबना करते, असे त्यात लिहिले होते. अधिकारी कीर्तनकाराने ओळीओळीचा अर्थ लावून निर्णय द्यावा, तोवर गाणे होऊ देऊ नये, अशी मागणी होती. म्हणून कीर्तनकार किशनराव आले होते, आणि संस्थेच्या अध्यक्षा म्हणून रुक्मिणबाई. बाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पण सातवीत त्यांच्या हातची छडी खाल्लेले दयानंद अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत पाठ टेकवत नसत.

"बाई, कशाला वाढवायचं?" दयानंद म्हणाले. "पोरीला दुसरं एखादं गाणं म्हणू द्या. गणेशवंदना म्हणा, काही म्हणा."

"दयानंदा, अर्जात जे मागितले आहे तेच होईल. भित्रेपणा तू शाळेतच सोडायला हवा होतास."

"दुसरं गाणं न्हाई म्हणणार मी," ऋतुजा म्हणाली. "चाल आमची हाय, पण शब्द माझ्या आज्जीचे हायेत. मागल्या श्रावणात ती गेली. तिचं गाणं आजवर बांधाच्या बाहेर आलं न्हाई, बाई. उद्या येणार होतं."

रुक्मिणबाईंच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. "वाच," त्या म्हणाल्या. "गाऊ नकोस. वाच."

ऋतुजाने कागद उघडला.

"आई, तुझ्या देवळाला चार दारं,
उन्हातानाची आले, एकबी उघडंना.
उतर गादीवरून, धर हातात इळा,
तुझी ओटी मी भरते, माझी कोण भरंल?"

किशनरावांनी कपाळाला हात लावला. "साक्षात देवीला गादीवरून उतर म्हणायचं? तिच्या हातात विळा द्यायचा? आणि वरून ती ढणढण!"

"ढणढण आमच्या व्यंकटची हाय, महाराज. ड्रम तो वाजवतो. अर्जात त्याचं नाव न्हाई."

दयानंदांना हसू आले. बाईंनी पाहताच हसू मावळले.

"किशनराव," रुक्मिणबाई शांतपणे म्हणाल्या, "देव भक्तिणीच्या जात्याशी दळायला बसला, हे तुम्ही सप्ताहात किती वर्षे सांगता?"

"चाळीस."

"देव दळतो तेव्हा तुमचा कंठ दाटतो. मग देवीने ज्वारी काढली, तर तुमच्या कपाळाला आठी का?"

किशनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आणि ही चार दारं?" ते पुटपुटले.

"ते तुम्ही सांगा. अर्थ लावण्याचा अधिकार तुमचा आहे."

त्यांनी कागद हातात घेतला. बराच वेळ ओठ नुसते हलत राहिले. मग आवाज बदलला. मंडपात उभे राहिल्यावर लागतो तो आवाज.

"चार दारं म्हणजे चार वेद, असं कुणीही सांगेल. पण ही बाई वेदांचं बोलत नाही. ती पहाटे देवळाकडे निघाली तेव्हा भाकरी थापायची होती. दुपारी निघाली तेव्हा काढणीची पात धरायची होती. दार देवीनं लावलेलं नाही. दिवसानं लावलं आहे." ते थांबले. "आणि ओटी कोण भरतं? माहेर भरतं. लेक आईच्या दारात उभी राहून विचारते, माझी कोण भरंल? बाई, हा अपमान नव्हे. हा हक्क आहे. चाळीस वर्षं मी आईसाहेबांपुढे उभा राहतो, मला ही ओळ सुचली नाही."

किशनरावांची बोटे टेबलावर आपोआप ठेका धरत होती.

"कोण ही माउली?" त्यांनी विचारले.

"शरणम्मा," ऋतुजा म्हणाली.

"आमच्या शेतात काढणीला यायची," रुक्मिणबाई म्हणाल्या. त्यांची नजर खिडकीबाहेर होती. "माझ्याच वयाची. पात धरली की तिचे गाणे पुढे जायचे आणि विळा मागून. अर्धे कानडी, अर्धे मराठी. बाकीच्या बायांना ते कळो न कळो, हात थांबत नसत. कडब्याचा वास आला की आजही मला आधी तो आवाज ऐकू येतो. एका वर्षी सप्ताहात ती तुमच्या कीर्तनाला आली होती, किशनराव. मंडपाच्या बाहेर, चपलांपाशी बसली होती. परतताना मला म्हणाली, 'अक्का, महाराज एकेक ओळ सोडवून सांगतेत बघा. माझं गाणं असं कुणी सोडवंल का वो?'"

"तुम्ही काय म्हणालात?" ऋतुजाने विचारले.

"मी हसले. त्या काळी मी शाळेत व्याकरण शिकवत होते. मला फार कळत होते."

ऋतुजाने मान खाली घातली. किशनरावांनी खिशातून पेन काढले आणि अर्जाखाली लिहिले, 'गीत निर्दोष आहे. अवश्य गावे.' खाली सही केली, तारीख घातली.

"उद्या मी पहिल्या रांगेत बसतो, पोरी," ते म्हणाले. "ढणढणीसकट ऐकतो."

दयानंदांनी सुटकेचा श्वास टाकून अर्ज उचलला. "कुण्या रिकामटेकड्यानं हा धाडला, देव जाणे! उगाच पोरीच्या जिवाला घोर. फाडूनच टाकतो, बाई."

"खाली महाराजांची सही आहे, दफ्तरी लाव," रुक्मिणबाई काठी घेऊन उठल्या. "वरच्या मजकुराची, लिहितानाच काढलेली, कार्बन प्रत माझ्याकडे आहेच."