मंडळाचे नियम

"मी नाई जात," चैतराम म्हणाला. "मले कायले पाहिजे मंडळ? मी काय नाचू?"

सत्यभामाने त्याच्या खांद्यावर धुतलेला दुपट्टा टाकला. "केवळराम गुरुजीनं तुमचं नाव लिवलं. आता माघार नाई. निंगा!"

दवनीवाड्याच्या दंडार मंडळात, नाचगाण्याचे खेळ करणाऱ्यांत, चैतराम असा गेला, म्हणजे ढकलला गेला. मूळचाच एकलकोंडा. पोर ना बाळ, भाऊ ना बहीण. धानाच्या बांधीतून घर, घरातून बांधी. बायको सोडली तर त्याच्याशी चार शब्द बोलणारं गावात कोणी नव्हतं. पोळ्याआधी सत्यभामा शेजारच्या नंदाबाईसंग गोंदियाच्या बाजाराला जाऊन आली आणि तिने हा मंडळाचा हट्टच धरला.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून एक कागद काढला. त्यावर जांभळा, गोल शिक्का! चैतरामाला अक्षर ठाऊक नव्हतं. ती चौथी शिकलेली.

"हे मंडळाचे नियम," ती म्हणाली. "पयला. सदस्यानं सोताचा भात सोता रांधावा."

"दंडारीले अन् भाताले काय वो?"

"लिवलं हाय. शिक्का हाय. भांडू नका."

झालं! बुवा चुलीपुढे बसला. भात करपला, डोळे चुरचुरले. ती भिंतीला टेकून पाणी किती, मीठ किती ते सांगत राहिली. पुढच्या आठवड्यात दुसरा नियम निघाला, फाटलं सोता शिवावं. मग तिसरा, घरी काहीही होवो, तालीम चुकवू नये.

चैतराम कुरकुरला, पण शिकला. तालमीत मागे उभा राहून सूर धरू लागला. दुधराम ढोलकीवाला त्याला वाटेत हाक मारू लागला. घरी येऊन तो सगळं सांगे आणि ती डोळे मिटून ऐके.

"तू वाळून काऊन राहिली?" त्याने एकदा विचारलं.

"तुमचा करपका भात खाऊन आनखी काय होनार?" ती हसली. "आता एकच नियम उरला. तो मंग सांगीन."

तो राहूनच गेला. दिवाळीनंतरची पहिली मंडई, म्हणजे दंडारीची जत्रा, चार दिवसांवर असताना तिला ताप भरला, आणि दोन दिवसांत खेळ आटोपला. ज्याच्या दारात कधी कुणी फिरकत नव्हतं, त्याच्या दारात अख्खं मंडळ उभं होतं. दुधरामने खांदा दिला.

तेरवी झाली. चैतरामाने भात रांधला. चांगला मोकळा झाला होता. दोन घास खाल्ले आणि तो ताटावरच हमसून हमसून रडला. आता जगायचं कसं, हे सांगणारी उरली नव्हती. मग त्याला तो राहिलेला नियम आठवला.

कागद घेऊन तो तसाच तालमीला गेला. "गुरुजी, शेवटचा नियम तेवढा वाचून सांगा जी. तिचा सांगायचा राहला."

केवळराम गुरुजींनी कागद वाचला, पुन्हा वाचला. ढोलकी थांबली.

"चैतराम," ते म्हणाले, "आपल्या मंडळाले नियम नाई, शिक्काबी नाई. हा गोंदियाच्या दवाखान्याचा कागद हाय, पोळ्याच्या आधीचा. पोटात गाठ, इलाज नाई, फार तर दोन महिने, एवढंच लिवलं हाय यात."