फोन एंगेज

इंटरनेट चालू असलं की घरचा फोन एंगेज लागायचा, म्हणून कॉम्प्युटर फोनला जोडायची वायर वनरक्षक खुशालभाऊ कामावर जाताना कुलपात ठेवून जायचे. त्यांच्या बारावीतल्या मुलीने, संबोधीने, ब्रह्मपुरीहून गुपचूप दुसरी आणली होती. त्या दुपारी ती ऑनलाइन गेममध्ये रंगलेली असताना फाटकाशी मोटरसायकल थांबली. तिने वायर उपसून गादीखाली कोंबली.

बाबा धापा टाकतच आत आले. "दोन घंट्यापासून घरी फोन लावून राह्यलो, एंगेजच! कोनासंग बोलत होती?"

"कोनासंगच नाई, बाबा."

"आपल्या धानाच्या बांधीत वाघ बसून हाय. आईले तिकडं जाऊ देऊ नको, इतकंच सांगाचं होतं. कुठी हाय आई?"

घर रिकामं मिळावं म्हणून संबोधीनेच आईला बांधीवर धाडलं होतं.