सुपलीतला केर

हौसाबाईंनी सुपली शिरगुप्पे सरांच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर उपडी केली. “बघून घ्या सर, मग टाकते.”

गेले बारा दिवस प्रयोगशाळेतला केर असा त्यांच्यासमोर येत होता. अंजनीच्या झुडपाची पानं गुंडाळून राहणारी एक दुर्मीळ वाटणारी अळी सरांनी महिनाभर बरणीत वाढवली होती. ती कोषात जाऊन तिचा पतंग झाल्याशिवाय तिची ओळख पटणार नव्हती. आणि एका सकाळी बरणी रिकामी दिसली. भरल्या वर्गात सर कडाडले, “झाडताना डोळे कुठं असतात तुमचे? महिन्याची मेहनत केरात घातलीत!” दुसऱ्या दिवसापासून केर आधी सरांना दाखवायचा, मगच टाकायचा, असं हौसाबाईंनी सुरू केलं.

आज बाई यायच्या थोडं आधी सरांनी रानात न्यायची शबनम खुंटीवरून काढली. तिची कड रेशमी धाग्यांनी दुमडली होती आणि त्या दुमडीतून कोषाचं रिकामं टरफल अर्धं बाहेर आलं होतं. खिडकीच्या काचेवर नखाएवढा पतंग पंख मिटून बसला होता. अळी नाहीशी झाली, त्याच्या आदल्या संध्याकाळी बरणीचं झाकण सैल लावणारा हात आपलाच होता, हे सरांना आता लख्ख आठवलं.

आता टेबलावरच्या केराकडे बघायचा त्यांना धीर होईना.

“बाई, अळी माझ्याच पिशवीत होती,” ते पुटपुटले. “चुकलं माझं.”

बाईंनी केर पुन्हा सुपलीत भरला. मग रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

“त्या दिवशी वर्ग भरलेला होता, सर.”