न वेचलेलं पितळ

एल्डनने उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या वेचल्या नाहीत.

मार्लिसला आधी वाटलं, म्हाताऱ्याची कंबर धरली असेल. पण हा माणूस कंबर धरली तर गुडघ्यांवर रांगत वेचणारा. नेमबाजीच्या क्लबात कुणी नवा आला की त्याला पकडून ऐकवायचा, “पोलादी पुंगळी एकदा उडाली की कचरा. पितळेची धुवायची, पुसायची, पुन्हा भरायची.” लाइलसारखे लोक स्वस्तातली पोलादी काडतुसं उडवत आणि पुंगळ्या तिथंच टाकून घरी जात. रेंज सांभाळणारी मार्लिस मग त्या लोहचुंबकाने गोळा करत बसे. एल्डनचं पितळ मात्र तिच्या झाडूला कधी लागलं नव्हतं. आज ते लाइलच्या पोलादात मिसळून पडलं होतं, आणि एल्डन खुशाल त्यावर पाय देऊन उभा होता.

“काय म्हातारबुवा, माझ्या कचऱ्यात तुमचं सोनं सांडलंय,” लाइलने डिवचलं.

“तूच घे,” एल्डन म्हणाला. त्याने वळूनही बघितलं नाही.

लाइल हसत मार्लिसपाशी आला. “कालपासून नशीब फळफळलंय माझं. काडतुसं भरायचं यंत्रसुद्धा दिलं त्यांनी. म्हटलं, थोडे दिवस वापरतो नि परत करतो. तर म्हणे राहू दे, मला आता नाही लागायचं.”

मार्लिसने वळून एल्डनकडे पाहिलं. ते यंत्र एल्डनच्या स्वयंपाकघरात, जेवायच्या टेबलाला पक्कं ठोकलेलं होतं. संध्याकाळी व्हर्ना, त्याची बायको, चष्मा नाकावर ओढून बंदुकीची दारू मोजून द्यायची आणि एल्डन दांडा ओढायचा. व्हर्नाला जाऊन उन्हाळा उलटला होता.

समोर एल्डनने पेटीतलं शेवटचं काडतूस काढलं. बंदुकीत घातलं नाही. नुसतं हातात धरून उभा राहिला.

“गोळीबार बंद!” मार्लिस ओरडली.

ही हाक आली की बंदूक उघडी करून टेबलावर ठेवायची, पिवळ्या पट्ट्याच्या मागे यायचं, आणि पुन्हा परवानगी मिळेपर्यंत बंदुकीला बोट लावायचं नाही. मार्लिसकडून हा नियम एल्डननेच घोटवून घेतला होता. सगळे मागे सरले. एल्डन सरला नाही. तेवढ्यात मार्लिसने देवाला किती आळवलं ते तिचं तिलाच ठाऊक. मग म्हाताऱ्याच्या हातांना त्यांची सवय आठवली. काडतूस खाली ठेवलं, बंदूक उघडी केली आणि तो पट्ट्यामागे आला.

“पुढे निशाणांकडे कोण गेलंय?” लाइलने विचारलं.

“कुणी नाही. गप्प बस जरा.”

ती एल्डनजवळ गेली. आपलं चुकत असेल तर हा माणूस पुन्हा तोंड बघणार नाही आपलं, असं तिच्या मनात आलं. आणि चुकत नसेल तर? तिने विचारून टाकलं.

“एल्डन, जीव द्यायला आलात का इथं?”

तो लांब, निशाणांमागच्या मातीच्या बांधाकडे बघत राहिला. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं तसं आलं, पण वारा पाठीमागून होता.

“घरी नको वाटलं,” तो म्हणाला. “तिचं स्वयंपाकघर आहे ते.”

मार्लिसला रडू फुटलं. तिने ते लपवलं नाही. “मग आज रेंज पुन्हा उघडणारच नाही मी. बंदूक माझ्या कपाटात राहील, घरच्यासुद्धा इथंच आणायच्या. आणि आत्ता माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं.”

“लोक बोंब मारतील, पोरी.”

“मारू देत.”

तिने बंदूक नेऊन कुलपात ठेवली, बादली घेऊन आली आणि त्याच्या जागेवर उकिडवी बसली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं. हाताला येईल ते ती बादलीत टाकत सुटली. एल्डनने थोडा वेळ बघितलं. मग त्याला राहवेना.

“अगं, पोलाद भरतेयस त्यात. चुंबक कुठाय तुझा?”

“विसरले.”

चुंबक तिच्या खिशातच होता.

एल्डन पुटपुटत गुडघ्यांवर बसला. तिच्या हातातली बादली ओढून घेतली, पालथी केली आणि निवडायला लागला. पोलाद इकडे, पितळ तिकडे. एक पितळी पुंगळी त्याने उचलली, फुंकली, तोंडाशी चीर गेलीय का ते उजेडाकडे धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती शर्टाच्या खिशात टाकली.

“लाइल,” तो मान वर न करता म्हणाला, “ते यंत्र परत आणून दे. आणि दिलंस की लगेच पळू नकोस. भरायला दोन माणसं लागतात.”