मूठभर युरिया

"तात्या, मका जरा पिवळा वाटतोय," कौसाबाई बांधावरून म्हणाली.

मका पिवळा नव्हताच. तिने सात वर्षं खपून काढलेल्या या वाणाच्या मुळांवरचे जिवाणू हवेतलाच नत्र पिकाला पुरवत. ते बी शेजारच्या तात्याने चोरून स्वतःच्या नावावर केलं होतं. वरून खत दिलं की हे जिवाणू मरतात आणि खताचा जोर ओसरला की पीक उपाशी पडतं, एवढं मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

"मूठमूठ युरिया टाकतो, वहिनी. त्याशिवाय मनाला बरं वाटत नाही."

"टाका की."

महिन्याने वाणाची पाहणी करायला तज्ज्ञ आले, तेव्हा तात्याचं अख्खं शेत हळदीसारखं पिवळं पडलं होतं. ते बांध ओलांडून कौसाबाईच्या हिरव्यागार मक्यात शिरले.

"मी तर तुम्हाला आधीच सांगितलं होतं, तात्या," ती म्हणाली.