दुपारची हाक

"गेनबा, वर ये! पाणी सोडायचंय!"

भैरू मुकादमाने पुन्हा ओरडून पाहिलं. खालून उत्तर आलं नाही.

पेशव्यांच्या पुण्याला कात्रजच्या तलावातून पाणी नेणारा हा नळ म्हणजे जमिनीखालचं दगडी भुयारच. गाळ काढायचा असला की तलावाचं दार बंद करायचं आणि मधल्या विहिरीसारख्या तोंडांतून माणसं आत उतरायची. आजचा गाळ काढून झाला होता. सगळे वर आले होते. गेनबा तेवढा खाली होता.

खरं तर त्याचं इथं कामच नव्हतं. शिमग्याच्या सुमारास त्याची लेक शालू देवीच्या साथीत गेली. नळाचे कारभारी आप्पासाहेब यांना त्याची दया आली. त्यांनी त्याला भुयारातल्या कामावरून काढून शनिवार पेठेतल्या हौदावर नेमलं. सावलीतलं, हलकं काम. जागा बदलली की मन रमेल, असं ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आज मात्र गेनबा न सांगता कात्रजला परत आला आणि थेट भुयारात उतरला.

"शहरातले हौद कोरडे पडलेत, आप्पासाहेब," भैरू शेजारी उभ्या कारभाऱ्यांना म्हणाला. "ओढून काढू का त्याला?"

"दार उघडायचं नाही. मी उतरतो."

"आपण?"

"का? पायऱ्या फक्त तुमचेच पाय ओळखतात का?"

खाली गेनबा चिखलात बसला होता. वरून येणाऱ्या उजेडाकडे त्याचं तोंड होतं. आप्पासाहेब रागावूनच उतरले होते.

"शनिवारात काय कमी होतं तुला?"

"कमी काय न्हाय जी."

"मग?"

"शालू दुपारची भाकर घेऊन यायची. हितं वाकून 'आबा' म्हणून हाक मारायची. ती हाक दगडावर आपटून लई येळ घुमायची." त्याने भिंतीच्या दगडाला हात लावला. "हौदावर लोक येत्यात, पाणी भरत्यात, जात्यात. मला हितनं का हालवलं, आप्पासाहेब?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला इचारलं न्हाय."

 आप्पासाहेबांनी भैरूला विचारलं होतं. घरी बायकोलाही विचारलं होतं. ज्याचं दुःख होतं, त्यालाच विचारायचं राहून गेलं होतं. धोतराची पर्वा न करता ते चिखलात त्याच्याशेजारी बसले.

"आता विचारतो. काय करू तुझ्यासाठी?"

गेनबाने वरच्या उजेडाकडे पाहिलं.

"हितंच ठेवा मला. आन् दुपारच्याला वरनं कुणीतरी हाक मारा. न्हायतर वर यायचंय हे ध्यानातच ऱ्हात न्हाय."

दोघे वर आले. पाणी उशिरा सुटलं. संध्याकाळी पेशव्यांच्या वाड्यातून जाब विचारायला माणूस आला.

"नळात माणूस होता," आप्पासाहेबांनी सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी तलावाचं दार पुन्हा बंद करून गेनबा गाळ काढायला खाली उतरला होता. उन्हं डोक्यावर आली, तेव्हा आप्पासाहेब पुन्हा कात्रजला हजर. पाहणी असेल, असं समजून माणसं उठून उभी राहिली. आप्पासाहेब भुयाराच्या तोंडाशी गुडघे टेकून वाकले. आयुष्यभर त्यांनी माणसांना हुकूम केले होते. जेवायला कुणाला हाक मारली नव्हती.  त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"गेनबा, भाकर खायला ये रे!"

भुयारात हाक घुमत राहिली.

गेनबा वर आला. भैरूने भाकरी पुढे केली. त्याने ती घेतली, हातात धरली आणि एकाएकी सगळ्यांसमोर मोठ्याने रडू लागला. लेकीला पोचवून आला, तेव्हाही तो असा रडला नव्हता.

भैरू घाबरला. "आप्पासाहेब, हे तर जास्तच बिघडलं की!"

"नाही रे," गेनबाच्या पाठीवर हात ठेवत आप्पासाहेब म्हणाले. "आत्ता कुठे वर आला तो."